घराचा रक्तदाब

जपानच्या ईशान्येला इवाते नावाचा डोंगराळ प्रांत आहे. थंडी कडाक्याची, जेवणात खारवलेल्या भाज्या आणि सोयाबीनचं खारट मिसो रोजचं, आणि पक्षाघाताने दगावणाऱ्यांची संख्या पूर्वापार मोठी. या प्रांतातल्या ओहासामा या छोट्या गावात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तोहोकू विद्यापीठाचे डॉ. युताका इमाई आणि त्यांचे सहकारी एक साधी कल्पना घेऊन आले. रक्तदाब मोजायला लोकांना दवाखान्यात बोलवायचं नाही, यंत्रच घरोघरी द्यायचं. सकाळी उठल्यावर ज्याने त्याने आपला दाब मोजायचा आणि लिहून ठेवायचा. शेतकरी, गृहिणी, म्हातारे आजोबा, सगळ्यांनी.

त्या काळी हे धाडसच होतं. घरी मोजलेला आकडा म्हणजे हौशी काम, खरा आकडा डॉक्टरांनी मोजलेलाच, असं जगभरच्या वैद्यकात मानलं जात होतं. ओहासामाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं गावकऱ्यांचा माग ठेवला आणि 1998 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने कोण दगावणार याचा अंदाज तपासणी शिबिरात मोजलेल्या दाबापेक्षा घरी मोजलेल्या दाबावरून अधिक चांगला येत होता. ओहासामा आता हानामाकी शहरात विलीन झालं आहे, पण रक्तदाबाच्या अभ्यासात ते नाव पक्कं राहिलं. घर ही मोजमापाची जागा असू शकते, आणि ती दवाखान्याहून चांगली असू शकते, हे या गावाने दाखवलं.

आपल्याकडे हे यंत्र घरात आलं ते बऱ्याच उशिरा, आणि आलं ते कोरोनाच्या भीतीबरोबर. ऑक्सिमीटर आणला तेव्हाच अनेकांनी दाबाचं यंत्रही आणलं. ऑक्सिमीटर आता खणात पडून आहे, दाबाचं यंत्र मात्र टिकलं, कारण दाब आहेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यानुसार देशातल्या सुमारे 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे 31 कोटींहून जास्त माणसांना. प्रत्येक घरात एक तरी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसाला नातेवाईक हमखास विचारतात, "कुठल्या कंपनीचं यंत्र घेऊ?" त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते पुढे येईल. पण ते मोजतं काय आणि घरातली आपली वागणूक त्या आकड्यात कशी उतरते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरं महत्त्व त्याला आहे.

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा आकड्यात पकडलं ते एका पाद्र्याने. लंडनजवळच्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या रोहिणीत पितळेची नळी बसवून ती काचेच्या उंच नळीला जोडली. रक्त नळीत 8 फूट 3 इंच चढलं. 1733 साली त्यांनी हे छापलं. अर्थात माणसावर असं काही करणं शक्य नव्हतं. पुढे पॅरिसच्या प्वासय याने 1828 मध्ये पाऱ्याची नळी वापरली. पारा रक्ताच्या जवळपास तेरापट जड, त्यामुळे आठ फुटांची उंची काही इंचांत मावली. आपण आजही "140" म्हणतो तेव्हा पाऱ्याच्या 140 मिलिमीटर उंच स्तंभाबद्दल बोलत असतो, जरी घरातल्या यंत्रात पाऱ्याचा थेंबही नसला तरी.

दंडाला पट्टा बांधण्याची युक्ती इटलीच्या शिपियोने रिवा-रोची यांची, 1896 सालची. हवेची पिशवी फुगवायची, मनगटाची नाडी बंद होईपर्यंत दाबायची, मग हवा सोडत नाडी परत कधी लागते ते बघायचं. यातून वरचा आकडा कळे, खालचा नाही. खालच्या आकड्यासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं. निकोलाय कोरोत्कोव्ह हा तरुण रशियन शल्यचिकित्सक. रशिया-जपान युद्धात त्याने गोळ्या लागून फाटलेल्या रक्तवाहिन्यांचे खूप रुग्ण पाहिले होते. जखमी वाहिनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची त्याला सवय लागली होती. 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने पानभरही नसलेलं एक टिपण सादर केलं. पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खळगीत कान लावा. पट्टा पूर्ण आवळलेला असताना शांतता असते, हवा सोडताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा दाब, ठोके नाहीसे होतात तो खालचा. एवढंच. डॉक्टर आजही हेच करतात. इतकं छोटं आणि इतकं टिकाऊ टिपण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

तुमच्या घरातलं स्वयंचलित यंत्र मात्र असं करत नाही. त्याला कान नाहीत. पट्टा आवळलेला असताना खालची रोहिणी धडकते आणि ती धडक पट्ट्यातल्या हवेत बारीक कंप उठवते. यंत्र हे कंप टिपतं. हवा कमी होत जाते तसे कंप आधी मोठे होत जातात, मग लहान. ते सर्वांत मोठे असतात तो क्षण म्हणजे सरासरी दाब, आणि यंत्राला खऱ्या अर्थाने मोजता येतो तो हाच. स्क्रीनवर दिसणारे वरचा आणि खालचा हे दोन आकडे त्या कंपांच्या चढउतारावरून गणिताने काढलेले असतात, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं स्वतःचं, गुप्त असतं. म्हणून यंत्र तपासलेलं असणं फार महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे किमान 85 माणसांवर प्रशिक्षित तपासनिसांच्या मोजमापाशी ते ताडून बघावं लागतं. बाजारातली कितीतरी यंत्रं या परीक्षेला कधी बसलेलीच नाहीत. 'स्ट्राइड बीपी' ही तज्ज्ञांची संस्था परीक्षा पार केलेल्या यंत्रांची यादी प्रसिद्ध करते. खरेदीआधी मॉडेलचं नाव त्यात शोधावं. कुठल्या कंपनीचं, या प्रश्नाचं उत्तर हेच. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलेल्या दाबावर औषध ठरवू नये. फुगणारा पट्टा नसलेली ही उपकरणं निदानासाठी वापरू नयेत, असं युरोपातल्या उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे.

कंपांवर चालणाऱ्या यंत्राची एक अडचण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवायला हवी. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, म्हणजे ज्याला डॉक्टर ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते असेल, तर प्रत्येक धडक वेगळ्या जोराची असते आणि यंत्राचं गणित गडबडतं. अशा वेळी दोनतीनदा मोजून सरासरी काढावी. यंत्र वारंवार अनियमित ठोक्यांचं चिन्ह दाखवत असेल तर ते चिन्हच डॉक्टरांना सांगण्यासारखी बातमी आहे.

आता यंत्र दंडाला लागलं. पुढचा भाग घराचा.

आपल्याकडे दाब मोजला जातो तो असा: बाबा फिरून आले, घाम पुसत पलंगाच्या कडेला टेकले, पाय अधांतरी, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली, त्यावर पट्टा, हात मांडीवर. टीव्हीवर बातम्या. पट्टा फुगत असताना आई विचारते, "दूधवाल्याचे पैसे दिले का?" आणि बाबा उत्तर देतात. आकडा येतो 158. घरात चिंता पसरते.

यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. हात हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की रक्ताच्या स्तंभाचं वजन मोजमापात मिसळतं. हा शुद्ध भौतिकशास्त्राचा भाग आहे, दर 10 सेंटिमीटरला पाऱ्याचे जवळपास 8 मिलिमीटर. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं की हात टेबलाऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे 4 ने जास्त येतो, आणि शेजारी लोंबकळत ठेवला तर साडेसहाने. पट्ट्याचं माप चुकलं तर फरक याहून मोठा. याच विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो अशा जाड दंडाच्या लोकांना नेहमीचा पट्टा बांधला, तर आकडा सरासरी 19.5 ने फुगला. म्हणजे धडधाकट माणूस एका पट्ट्यापायी रुग्ण ठरू शकतो. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळतो का बघा. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते आणि ती जवळपास कोणीच करत नाही.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, आणि कंटाळवाणी आहे म्हणूनच उपयोगाची. चहा, तंबाखू, व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, बोलू द्यायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी औषध आणि न्याहारीच्या आधी आणि पुन्हा रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. डॉक्टरांकडे न्यायची ती ही सरासरी. ती 135 वर 85 किंवा जास्त असेल तर दाब वाढलेला समजतात. दवाखान्यात हीच रेषा 140 वर 90 ला आहे, कारण दवाखान्यात आकडा चढतोच.

का चढतो, याचं फार सुंदर मोजमाप मिलानच्या ज्युसेप्पे मान्चा यांनी केलं. त्यांनी रुग्णालयात दाखल माणसांच्या रोहिणीत बारीक नळी बसवून दाबाची सलग नोंद घेतली आणि मग अनोळखी डॉक्टरला पट्टा घेऊन खाटेजवळ पाठवलं. डॉक्टर आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचा दाब सरासरी 27 मिलिमीटरने उसळला. हा निबंध 1983 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पुढच्या अभ्यासात, परिचारिका आली तेव्हा उसळी बरीच कमी दिसली. डॉक्टरांच्या नुसत्या येण्याने एवढा फरक पडतो, तर दवाखान्यातल्या एकाच मोजमापावर आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी घरचा आठवडा बघायला हवा. उलटही घडतं: दवाखान्यात दाब ठीक आणि घरी मात्र जास्त. हा लपलेला दाब जास्त घातक, कारण त्याच्यावर उपचारच होत नाहीत.

घरच्या मोजमापाची आणखी एक गुंतागुंत गेल्या काही वर्षांतली आहे. मुलगा पुण्यात किंवा पेन्सिल्व्हेनियात, आईवडील सांगलीला. रात्री साडेदहाला आईला जरा अस्वस्थ वाटतं. ती दाब मोजते, 164 येतो. स्क्रीनचा फोटो मुलाला जातो. मुलगा लगेच फोन करतो, "पुन्हा मोज." 171. "परत एकदा." 176. दोघंही आता घाबरलेले आहेत, आणि आईची भीती पट्ट्याखालच्या रोहिणीपर्यंत पोचलेली आहे. अशा रात्री मी कितीतरी घरांतून ऐकल्या आहेत. यात दोष ना आईचा, ना मुलाचा. इतक्या लांबून काळजी कशी व्यक्त करायची याचं दुसरं साधन त्यांच्या हाती नाही, म्हणून आकडा हेच त्यांच्या बोलण्याचं माध्यम होऊन बसतं. अशा घरांना माझी विनवणी एवढीच, की मोजण्याच्या वेळा ठरवा आणि त्याबाहेर मोजू नका. मुलांनी फोनवर आधी दिवस कसा गेला ते विचारावं, आकडा आठवड्याच्या शेवटी सरासरीच्या रूपात मागावा. एक अपवाद कायम लक्षात ठेवा. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर यंत्र शोधत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि थोडं थांबून नीट मोजल्यावरही वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 च्या पुढे राहिला, तर त्रास होत नसला तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं.

"डोकं दुखतंय, बीपी वाढलं असणार," हे वाक्य प्रत्येक मराठी घरात बोललं जातं. बहुतेक वेळा वाढलेल्या दाबाला कसलंच लक्षण नसतं. माणूस ठणठणीत असतो आणि आतून रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा झिजत असतो. दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की चाळीस ते सत्तर या वयात वरचा दाब दर 20 ने वाढला की पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक आणि हृदयविकाराने मरण्याचा दुप्पट होतो. हा धोका 115 पासूनच चढू लागतो. "वयाप्रमाणे दाब वाढायचाच" ही समजूत किती महागात पडते याचं उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे खासगी डॉक्टर कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते आणि अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असल्याचं ते सांगत राहिले. मार्च 1944 मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा दाब 186 वर 108 होता आणि हृदय थकू लागलं होतं. विश्रांती, कमी मीठ, हृदयासाठी डिजिटॅलिस, यापलीकडे द्यायला फारसं काही नव्हतं. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा मोजलेला दाब 300 वर 190 होता.

जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला तेव्हा जी गोळी मिळू शकली नाही, ती ॲम्लोडिपिनसारखी गोळी आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता आणि सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे आपले पहिले जिल्हे. ठरलेली साधी औषधं, घराजवळ पुरवठा आणि रुग्ण आला नाही तर त्याचा पाठपुरावा, एवढ्यावर तो उभा आहे. त्यामुळे "गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही" या भीतीपोटी ती न घेणं मला फार खुपतं. गोळी घेऊन आकडा 128 आला म्हणून ती बंद करणारे तर घरोघरी आहेत. तो 128 गोळीचाच असतो.

औषधाइतकंच महत्त्वाचं काम स्वयंपाकघरात होतं, आणि तिथे दाब एका माणसाचा राहत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणूस दिवसाला सरासरी 8 ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 ग्रॅमची आहे. घरातल्या एकाला "बीपी आहे" म्हणून त्याच्यापुरती अळणी आमटी वेगळी काढतात. तो बिचारा चार दिवस खातो आणि पाचव्या दिवशी लोणच्याची फोड वाढून घेतो. सगळ्या घराचं मीठ एकत्रच, हळूहळू कमी केलं तर जिभा काही आठवड्यांत सरावतात. पापड, लोणचं, चटण्या, फरसाण, पाव यांतलं मीठ मोजणीत धरायला हवं. आणि सैंधव मिठाबद्दलची समजूत सोडायला हवी. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

संपूर्ण घराचं मीठ बदलल्याने काय होतं याची मोठी परीक्षा चीनमध्ये झाली. 600 खेड्यांतल्या जवळपास 21,000 लोकांनी त्यात भाग घेतला. अर्ध्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ घरांना दिलं, बाकी काही बदललं नाही. जवळपास पाच वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिलं. 2021 मध्ये हे निष्कर्ष आले. मिठाची पुडी बदलून एवढं साधतं, ही मला आधुनिक वैद्यकातली अत्यंत आशादायी गोष्ट वाटते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दाबाच्या नेहमीच्या गोळ्यांतही अशा गोळ्या आहेत.

शेवटी त्या बाईबद्दल, जी घरातल्या सगळ्यांचा दाब मोजते. सासऱ्यांना पट्टा बांधते, सासूबाईंचा आकडा वहीत लिहिते, नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं संपत आली की आठवणीने मागवते. वही उघडून बघा. तिच्या नावाचं पान बहुधा नसतंच. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या 21 टक्के स्त्रियांचा दाब वाढलेला किंवा औषधावर असल्याचं आढळलं. पुरुषांत हेच प्रमाण 24 टक्के. म्हणजे फरक फार नाही. गरोदरपणात जिचा दाब वाढला होता तिला पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा बरीच जास्त असते, आणि बाळंतपणानंतर दाब उतरला की ती गोष्ट घर विसरून जातं. तिचं वजन, तिची झोप, तिचं उरलंसुरलं खारट खाणं यांची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, हा नियम पाळणं घरात सर्वांत कठीण जातं ते तिलाच. म्हणून तुमच्या घरात यंत्र असेल तर या आठवड्यात पहिला पट्टा तिच्या दंडाला बांधा. ती पाच मिनिटं गॅस दुसऱ्या कोणीतरी सांभाळा. सात दिवसांची सरासरी काढा, वहीत तिचं पान सुरू करा, आणि गरोदरपणी दाब वाढला होता का हे तिला विचारून डॉक्टरांना सांगा.